बारा व्होल्टवर चार दिवे

३ तारीख, सोमवार

आई,

तुला नमस्कार, आणि हे जे वाचून दाखवतील त्यांनाही.

फोनवर तू "बरी आहेस ना, जेवलीस ना" याच्या पुढे जात नाहीस. फोन दुकानात असतो आणि दुकानात ते असतात, हे मला कळतं. म्हणून पत्र लिहिते आहे. अक्षर मोठं काढलं आहे आणि एकेक ओळ सोडून लिहिलं आहे, म्हणजे वाचताना चष्मा शोधावा लागणार नाही.

बातमी चांगली आहे. इथल्या एका ऑफिसने मला चाचणीचं काम दिलं. इमारत बांधायच्या आधीच ती कशी दिसेल याची चित्रं हे लोक कॉम्प्युटरवर करून देतात. मला एका शाळेचे नकाशे दिले आहेत. त्यावरून तीन मिनिटांची चित्रफीत करायची: फाटकातून आत शिरायचं, जिना चढायचा, वर्गांतून फिरून गच्चीवर जायचं. ती शाळा अजून कुठेच नाही, पण बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की तो आत्ताच तिथून बाहेर पडला. अठ्ठावीस तारखेला, शुक्रवारी, संध्याकाळी पाचच्या आत द्यायची. पाच जणांना काम दिलं आहे, त्यातल्या एकाला घेणार.

खोलीचं भाडं मी महिनाअखेरपर्यंत भरलं आहे. काम मिळालं तर पुढचं बघता येईल. नाही मिळालं तर घरी यावं लागेल. घरी यायला मला आवडतं, पण ज्या घरात चौदा महिने एक माणूस माझ्याशी एक शब्द बोललेला नाही, तिथे रिकाम्या हाताने कशी येऊ? हे वाक्य वाचून दाखवायचं नसेल तर गाळलं तरी चालेल.

कॉम्प्युटर माझा स्वतःचा आहे. एका बंद झालेल्या ऑफिसातला जुना डबा, आणि त्यात वर्गमैत्रिणीने स्वतःसाठी नवं घेतल्यावर मला स्वस्तात दिलेलं ग्राफिक्स कार्ड. हे कार्डच चित्रं काढतं. सगळं उत्तम चालू आहे. काळजी करू नकोस.

तुझी लेक

७ तारीख, शुक्रवार

आई,

मागच्या पत्रात "सगळं उत्तम चालू आहे" असं लिहिलं ते खरं नव्हतं. पत्र टाकल्यापासून ते वाक्य टोचतं आहे, म्हणून आधी ते दुरुस्त करते.

शाळा तयार होते आहे. फाटक झालं, जिना झाला, वर्गांत बाकं मांडली. पण "आता चित्र काढ" असं कॉम्प्युटरला सांगितलं की पंखे जोरात फिरू लागतात, मी चारपर्यंत मोजते, आणि सगळं बंद. पडदा काळा. पुन्हा चालू केलं की निमूटपणे चालू होतो, जणू काही झालंच नाही. साधं काम कितीही वेळ करतो, भारी काम दिलं की झोपतो. आपल्या मोटार-रिवाइंडिंगच्या दुकानात अशी मोटार आली असती तर काय झालंय हे न उघडता सांगितलं गेलं असतं. मला मात्र तीन दिवस लागले. धूळ काढली, प्रत्येक भाग काढून पुसून परत बसवला, आणि मग कुठे पॉवर सप्लायवर आले.

तुला सांगते ते काय असतं. कॉम्प्युटरच्या आत विटेएवढा एक पत्र्याचा डबा असतो. भिंतीतली वीज आतल्या नाजूक भागांना सोसत नाही. हा डबा ती घेतो आणि बारा, पाच, तीन व्होल्टची करून वाटतो. माझ्या डब्यावर "४५० वॅट" लिहिलं आहे, पण काम पडलं की त्याचा धीर सुटतो.

काल नवीन घेतला. हाताशी होतं त्यात एकच घेता येणार होता, म्हणून फार विचार केला. दुकानदाराने दोन ठेवले. एक चारशे वॅटचा, नाव ऐकलेलं, हलका. दुसरा त्याच किमतीत सहाशे वॅटचा, नाव कधी न ऐकलेलं, पण हातात घेतला की मनगट खाली जाईल असा. मी दोन्ही हातांत एकेक धरून उभी राहिले. चोक असो नाहीतर ट्रान्सफॉर्मर, आधी हातात धरून जोखायचा, तांबं लपत नाही, हलका आला तर दारातूनच परत पाठवायचा, हे मी अक्षर ओळखायच्या आधी शिकले आहे. दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "ताई, भोपळा घेताय की सप्लाय?"

मी जड घेतला. त्याला हसू दे. त्याला काय माहीत मी कुठल्या दुकानात वाढले. वाचून दाखवणाऱ्यांना कळेल.

उद्या बसवते.

तुझी लेक

१३ तारीख, गुरुवार

आई,

हे पत्र लिहायला पाच दिवस टाळाटाळ केली.

नवा डबा बसवला. चार सेकंदांऐवजी चाळीस सेकंद चालला. प्रगती आहे, असं स्वतःला समजावते आहे तोवर वास आला. तो वास मला कुणी ओळख करून द्यायला नको. जळलेल्या वार्निशच्या वासात बसून मी शाळेचा सगळा अभ्यास केला आहे. हात आपोआप भिंतीवरच्या बटणाकडे गेला.

वायर काढून डबा एक पूर्ण दिवस बाजूला ठेवला, कारण आत वीज साठून राहते आणि घाई करणाऱ्याला ती झटका देते. मग स्क्रू काढले. एका स्क्रूवर कागद चिकटवलेला होता: उघडल्यास हमी रद्द. तो कागद मी बघितला, वाचला आणि फाडला. हे मुद्दाम लिहिते आहे.

आत भाग बसवायची पाटी अर्धी रिकामी होती. जिथे भाग असायला हवे तिथे नुसती भोकं. चोक, ते तांब्याच्या तारेचं वेटोळं, वालाच्या दाण्याएवढा. आणि तळाला, पाटीच्या खाली, डिंकाने चिकटवलेली लोखंडाची पट्टी. माझ्या तळहाताएवढी. तिला एकही तार जोडलेली नव्हती. ती फक्त वजनाला होती.

घरमालकीण काकूंच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. तीनशे ऐंशी ग्रॅम. काकू म्हणाल्या, "हे शिजायला किती वेळ लागतो?" मला हसू आलं नाही. हातात धरून जोखणाऱ्या माणसांसाठीच ती पट्टी कुणीतरी बसवली होती, आणि अख्ख्या दुकानात असं माणूस मी एकटीच होते. दुसऱ्या कुणीही मुकाट्याने तो हलका घेतला असता.

दुकानात परत गेले. तो काही विचारायच्या आधीच मी म्हणाले, "मी हा उघडला आहे." तो म्हणाला, "मग हमी संपली." मी म्हणाले आत लोखंड आहे. तो म्हणाला, "डबा लोखंडाचाच असतो, ताई." तिथे उभे असलेले दोघेजण हसले. डबा परत पिशवीत घातला आणि निघाले. रस्त्यात लक्षात आलं की आधी जळल्याचं सांगितलं असतं तर निदान त्याने हातात घेऊन बघितला असता. खरं बोलायची मला फार घाई असते, हे तू नेहमी म्हणतेस.

त्या घाईबद्दल आज लिहायला हवं. वखारवाल्यांच्या करवतीची मोटार आपण भरून दिली तेव्हा आत ॲल्युमिनियमची तार घातली होती आणि बिलात तांबं लिहिलं होतं. बिल माझ्या अक्षरात होतं. मला सांगितलं गेलं, मी लिहिलं. मग आठ दिवस मला नीट झोप लागली नाही. नवव्या दिवशी वखारवाले पंखा दुरुस्तीला घेऊन आले, दुकानात अजून तिघे होते, आणि मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ते आपलं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक होतं. ते गेलं, त्यांच्या ओळखीचे गेले. त्या दिवसापासून दुकानात मला कुणी हाक मारली नाही.

ही पट्टी हातात धरल्यावर वखारवाल्यांना काय वाटलं असेल ते मला कळलं. पण दुसरंही एक कळलं. त्यांची मोटार चालत होती. तार ॲल्युमिनियमची होती, पण त्या हिशोबाने जाड घातली होती, वेढे नीट मोजलेले होते. आत लोखंड चिकटवलं नव्हतं. बिल खोटं होतं, काम खोटं नव्हतं. एवढा फरक मी तेव्हा केला नाही.

आई, हे सगळं तुला कशाला लिहिते असं तुला वाटेल. तुला वाचता येत नाही आणि घरात वाचणारा माणूस एकच आहे. ही पत्रं तुझ्या नावाने येतात खरी, पण मी पहिल्या दिवसापासून कुणाला लिहिते आहे ते तुलाही माहीत आहे आणि त्यांनाही. चौदा महिने त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं, तर मी माझे शब्दच त्यांच्या तोंडी घातले. हा डाव होता. कबूल करते.

आज तेरा. शाळेची गच्ची झाली. चित्र एकही नाही.

तुझी लेक

१९ तारीख, बुधवार

आई,

रविवारी फोनवर तू म्हणालीस की मागचं पत्र वाचून झाल्यावर ते उठून दुकानात गेले, आणि सुट्टीचा दिवस असून शटर उघडलं. मला वाटलं, संपलं.

आज पार्सल आलं. आत टाँग टेस्टर. दुकानातल्या हात पुसायच्या फडक्यात गुंडाळलेला, वरून सुतळी, गाठ अशी की कात्रीच घ्यावी लागली. चिठ्ठी नाही. पत्ता तुझ्या हातचा असणं शक्य नाही, एवढंच म्हणते.

हे यंत्र तू रोज बघतेस, तारेला चिमट्यासारखं धरून आतून किती वीज जाते ते सांगणारं. मी लगेच कॉम्प्युटरच्या वायरीला धरलं. शून्य. कॉम्प्युटर चालू, पंखे फिरताहेत, आणि आकडा शून्य. बॅटरी बदलली. शून्य. टेस्टर वाटेत आपटला असं ठरवून हळहळत बसले. मग डोक्यात उजेड पडला. अख्खी वायर धरली होती. त्यात जाणारी तार आणि येणारी तार दोन्ही असतात, एकीचं दुसरीने फिटतं. एकच तार धरायची असते. हे मला आठ वर्षांची असताना शिकवलं होतं, आणि मी पदवी घेऊन विसरले. आता यावर कुणी हसत असेल तर हसू दे, मी हे त्यासाठीच लिहिलं.

एका जुन्या जोडवायरीचं वरचं आवरण सोलून आतली एक तार वेगळी काढली. आतलं आवरण शाबूत आहे, काळजी नको. मग मोजलं. आणि इतके दिवस जे अंधारात चाललं होतं ते एका दुपारी स्वच्छ दिसलं.

डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा वाचायचाच नाही. बाजूला बारीक तक्ता असतो, त्यात बारा व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर, दोघेही बारा व्होल्टवर जेवतात. माझ्या जुन्या डब्याच्या तक्त्यात तिथे चौदा आहे. बारा गुणिले चौदा, एकशे अडुसष्ट वॅट. बाकीची सगळी वीज दुसऱ्या खिडक्यांवर, पाच आणि तीन व्होल्टच्या, जिथे घ्यायला कुणी उभंच नाही. माझ्या यंत्राला लागतात बाराच्या खिडकीवर सतरा-अठरा अँपिअर. सहाशे वॅटची गरज कधी नव्हतीच. खरेखुरे तीनशे पुरतात. मी मोठ्या आकड्यामागे धावले, आणि तोही खोटा निघाला.

तोवर एक उपाय सापडला आहे. कार्डाला निम्म्याच विजेवर काम कर असं सांगता येतं. तसं सांगितलं आणि जुन्या डब्यावर ते न झोपता चालू लागलं. टेस्टरवर पाऊण अँपिअरच्या जरा वर, स्थिर. पहिलं चित्र निघालं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत दोन चकरा मारल्या. शाळेच्या फाटकावर सकाळचं ऊन आहे, आई.

पण एका चित्राला तीन मिनिटं वीस सेकंद लागतात. सेकंदाला चोवीस या हिशोबाने तीन मिनिटांसाठी चित्रं काढायचीत चार हजार तीनशे वीस. म्हणजे दहा दिवस, रात्रंदिवस. माझ्याकडे नऊ दिवसही पूर्ण नाहीत. चित्रं लहान काढून वेळ वाचवता येईल, पण ऑफिसने माप ठरवून दिलं आहे. पूर्ण वीज मिळाली तर एक चित्र दोन मिनिटांत होतं.

चांगला नवीन डबा माझ्या आवाक्यात नाही. चांगला जुना शोधते. चालू आहे ते चालू ठेवलं आहे.

तुझी लेक

२४ तारीख, सोमवार

आई,

आज सगळं खरं आहे आणि सगळं चांगलं आहे, त्यामुळे दुरुस्ती काही नाही.

शुक्रवारी सकाळी भंगाराच्या आवारात गेले. ऑफिसांतले जुने कॉम्प्युटर तिथे सोलतात. मालकीण एक बाई आहेत, कानावर पेन्सिल, हातात कायम पक्कड. पत्र्याच्या शेडमध्ये पॉवर सप्लायचा ढीग, माझ्या खांद्याएवढा. मी खाली बसून एकेक उचलून बाराचा रकाना वाचायला लागले. वजन करून बघायचा मोह होत होता. हात खाली ठेवले. बऱ्याच डब्यांच्या पिना निराळ्याच, त्या माझ्या बोर्डात जाणार नाहीत. दीड तासाने एक मिळाला. मोठाले नकाशे काढायच्या यंत्रातला, एका कोपऱ्यात चेपलेला, बारावर अठ्ठावीस अँपिअर. पिना बरोबर, कार्डाची वेगळी वायरही होती.

बाई म्हणाल्या, "चालतो का ते मी सांगत नाही. नेलात की तुमचा."

मी विचारलं, इथेच तपासून बघू का. त्या म्हणाल्या, "बघा की. बघायला पैसे पडत नाहीत."

दुकानात मोटार भरून झाली की ती नुसती फिरवून गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत. रिकामी मोटार कुठलीही गोड फिरते. तिच्यावर ओझं घालून अर्धा तास चालवतात, मग हात लावून बघतात, मग देतात. कॉम्प्युटरच्या डब्यावर घालायला ओझं कुठून आणू? समोर गाड्यांचं गॅरेज होतं. तिथून गाडीच्या पुढच्या दिव्यांचे चार बल्ब मागून आणले. पंचावन्न वॅटचा एकेक, बारा व्होल्टवरचा. चार बल्ब म्हणजे अठरा अँपिअर. नेमकी माझी भूक.

आधी माझा लोखंडी पट्टीवाला जोडला, तो पिशवीत होताच, थोडा जीव उरला होता त्यात. हिरवी तार काळीला टेकवली की डबा कॉम्प्युटरशिवाय चालू होतो. पहिला बल्ब लागला. टेस्टरच्या सुया तारांना टेकवून व्होल्ट बघत होते; दुसरा लावल्यावर बाराचे पावणेअकरा झाले. तिसरा लावला आणि सगळे विझले. मग चेपलेला घेतला. बल्ब एकेक करूनच लावले, कारण थंड बल्ब पहिल्या क्षणी हावऱ्यासारखा ओढतो. एक: बारा पूर्णांक एक. दोन: बारा. तीन: अकरा पूर्णांक नऊ. चौथा लागला. अकरा पूर्णांक नऊ. तिथेच थांबला, हलला नाही.

भर दुपारी शेडमध्ये चार दिवे. कामाच्या बायका पक्कडी ठेवून बघायला आल्या. मी एका उलट्या डब्यावर बसून अर्धा तास त्या आकड्याकडे बघत राहिले. अर्ध्या तासाने पत्र्यावर हात ठेवला. कोमट.

बाई म्हणाल्या, "दिवे लावून काय कळलं?"

मी म्हणाले, "हा खरं बोलतो."

त्यांनी पेन्सिलीने डोकं खाजवलं. म्हणाल्या, ढिगात अजून दोनशे आहेत, असे तपासून दिलेस तर मला चढा भाव मिळेल आणि तुला डब्यामागे काहीतरी देईन. आणि पट्टीवाल्या डब्याकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यात लोखंड आहे म्हणालीस ना? मग दे इकडे. लोखंड आम्ही वजनावर घेतो." तेवढे पैसे त्यांनी किमतीतून कापले. त्या पट्टीचं वजन शेवटी कुणीतरी लोखंड म्हणूनच केलं.

शुक्रवारी दुपारपासून कॉम्प्युटर पूर्ण विजेवर चालू आहे. दोन मिनिटांना एक चित्र. काल सकाळी वीज गेली, पण प्रत्येक चित्र वेगळं साठवत असल्याने एकच वाया गेलं. दुसऱ्या वर्गाच्या दाराची बिजागरी उलट्या बाजूला लागली होती, ती कुणाला दिसली नसती, पण मला दिसली. दोनशे चित्रं परत काढली.

एक गोष्ट मनाला लागून होती. माझ्या भाड्यातच वीज धरलेली आहे, आणि मी रात्रंदिवस यंत्र चालवते आहे. काकूंकडे जाऊन सांगून टाकलं की जादा होईल ते मी भरेन. त्यांचा चेहरा पडला. म्हणून टेस्टर आणला आणि आधी त्यांची इस्त्री मोजली, मग माझा कॉम्प्युटर. इस्त्री साडेचार अँपिअर, कॉम्प्युटर एक आणि थोडं. काकू दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिल्या. म्हणाल्या, "माझ्या इस्त्रीच्या पावपट खातो, मग एवढा आवाज कशाला करतो?" तरी दिवसभर चालणार म्हणून थोडे पैसे घेतले. मला बरं वाटलं.

आत्ता लिहिताना दोन हजार नऊशे चार चित्रं झाली आहेत. आणखी दोन. मी मोजते आहे असं नाही, ती आपोआप पडद्यावर दिसतात.

तुझी लेक

३१ तारीख, सोमवार

बाबा,

हे पत्र तुम्हालाच. आईला नंतर वाचून दाखवा.

चित्रफीत मी गुरुवारी दुपारी दिली, मुदतीच्या एक दिवस आधी. पाचांतल्या तिघांनी दिली, दोघांची यंत्रं मध्येच दमली. आज सकाळी बोलावलं होतं. मोठ्या भिंतीवर शाळा लावली आणि खोलीतले सगळे उभ्याने बघत राहिले. गच्चीवर पोचल्यावर एकाने खाली वाकून बघितलं, जणू कठडा खरा आहे. मग ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, हे कोणत्या मशीनवर केलं. मी सांगितलं: जुना ऑफिसचा डबा, वापरलेलं कार्ड, भंगारातला पॉवर सप्लाय. आणि हेही सांगितलं की जिन्यावरच्या अकरा चित्रांत कठड्याची सावली चुकली आहे आणि ते मला मुदत संपल्यावर दिसलं.

मॅडम म्हणाल्या, "मला दिसली नव्हती."

मी म्हणाले, "माहीत आहे."

त्यांनी चित्रफीत मागे घेऊन जिन्यावर थांबवली. मला वाटलं, पुन्हा घाई केली. मग म्हणाल्या, "उद्यापासून या. आमची दोन मशीन रोज दुपारी बंद पडतात, कारण कुणाला सापडत नाही. तीही बघाल का?" मी म्हणाले, आधी त्यांचे तक्ते वाचू द्या. दोन्ही मी बाहेर पडायच्या आत वाचले. एकाच्या बाराच्या रकान्यात सोळा आहेत आणि कार्ड माझ्यापेक्षा मोठं. बाबा, ते मी उभ्या उभ्या सांगितलं.

बाहेर आले आणि फुटपाथवर मोठ्याने हसले. शेजारून जाणारी बाई दोन पावलं बाजूला सरकली.

परवा आई फोनवर म्हणाली की आता तुम्ही गिऱ्हाइकाला दोन्ही तारांचा भाव सांगता आणि जी घालाल तीच बिलात लिहिता. आणि वखारवाल्यांकडे तुम्ही स्वतः जाऊन आलात. ते काय म्हणाले ते आईने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझं एवढंच सांगायचं होतं: खरं बोलले याचं मला वाईट वाटत नाही. तुम्हाला आधी न सांगता, चार माणसांत बोलले याचं वाटतं. आठ दिवस माझ्याजवळ होते. त्यातल्या कुठल्याही दिवशी दुकान बंद झाल्यावर तुम्हाला म्हणता आलं असतं. मी भ्याले होते, आणि भ्यालेलं माणूस एकदम मोठ्याने बोलतं.

मग आईच्या मागून तुमचा आवाज आला. "तिला विचार, त्या डब्याचा पंखा वारा आत घेतो की बाहेर टाकतो." आई म्हणाली, तुम्हीच विचारा, आणि फोन पुढे केला असणार, कारण थोडा वेळ नुसता दुकानातला आवाज येत होता, कुठलीतरी मोटार फिरत होती. मग तुम्ही आईला म्हणालात, "लिहायला सांग."

म्हणून लिहिते.

बाहेर टाकतो. पंखा मागच्या बाजूला आहे, तळहाताएवढा, सात पाती. हवा कॉम्प्युटरच्या पोटातून घेतो आणि मागच्या जाळीतून फेकतो, म्हणून डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवला आहे. धूळ होती ती ब्रशने काढली, आसाच्या बुशला दोन थेंब तेल दिलं, तेव्हापासून घरघरत नाही. पूर्ण ओझ्यावर, दुपारी तीन वाजता, खिडकीतून ऊन आत येत असताना मी जाळीवर हात धरून शंभरपर्यंत मोजलं. गरम नाही. थोडा वेळ ठेवलेला चहाचा कप लागतो तेवढंच.

पण माझ्या हातावर जाऊ नका. तुम्ही स्वतः धरून बघा. काकूंना सांगून ठेवलं आहे, रविवारी दुपारची गाडी घेतलीत तर चारपर्यंत पोचाल. मी यंत्र पूर्ण ओझ्यावर चालू ठेवते.